चवथ (गणेश चतुर्थी) झाली तरी मी शिवराकच (शाकाहारीच) राहणार आहे. पण ज्यूस पिऊन थकवा का येतोय?

पारिजातक (फोंडा) · २१ सप्टेंबर, रात्री ९:१५

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसती वाचत होते. आज लिहायला बसले, कारण घरात हे विचारायला कुणी नाही.

आमच्याकडे नुस्त्याशिवाय (मासळीशिवाय) जेवण म्हणजे सोमवार, गुरुवार, श्रावण आणि चवथीचे दिवस. यंदा १ जूनला मासेमारीबंदी लागली तेव्हा मनात आलं, ३१ जुलैपर्यंत आपणही थांबून बघू. पाठोपाठ श्रावण आला, मग चवथ. गणपती पोचवले आणि दुसऱ्याच दिवशी ह्यांनी सुंगटं (कोळंबी) आणली. मी नेहमीसारखी सोलली, काळा दोरा काढला, हळद-मीठ लावलं, हुमण (नारळाची आमटी) केलं, सगळ्यांना वाढलं. माझ्या ताटात वाढून घेताना मात्र हात थांबला. किळस आली असं नाही. नको वाटलं, एवढंच. लहानपणी आई जिवंत कुर्ल्या तोडायची तेव्हा मी मागच्या अंगणात जाऊन बसायचे. सवय होईल म्हणायची ती. चव्वेचाळीस वर्षांत झाली नाही. त्या दिवशी ठरवून टाकलं.

आता खरा प्रश्न. जूनपासून मी सकाळच्या नाश्त्याऐवजी ज्यूस घेतेय. मोबाइलवर बघून बघून शिकले. तवसं (काकडी), दुधी, कच्चा पालक, बीट, सफरचंद, आलं. दुपारी भात, वरण, एक भाजी. रात्री परत ज्यूस, नाहीतर पपई. पहिले तीन आठवडे अंग पिसासारखं हलकं झालं, चार किलो वजन उतरलं. मला वाटलं, जमलं.

पण ऑगस्टपासून जिना चढताना धाप लागते. दुपारी तीन वाजले की हातपाय गळतात. केस विंचरले की फणीत पुंजका. सासूबाई रोज म्हणतात, "नुस्तं सोडलंस ना, म्हणून." त्या काळजीनंच म्हणतात, पण ऐकून रडू येतं. मला परत फिरायचं नाही. माझं चुकतंय कुठे ते कुणी सांगेल का? ज्यूस वाढवू की बदलू?

---

मांडवीकाठ (पणजी) · २१ सप्टेंबर, रात्री ९:५०

वाचतोय. मीही याच वाटेवर आहे, सहा महिने झाले. एकटा राहतो, ऑफिसजवळच्या खानावळीत शिवराक थाळी मागितली की भात, वरण, कोबी आणि पापड. दुधीच्या ज्यूसबद्दल मला एक फार महत्त्वाचं सांगायचं आहे, उद्या सविस्तर लिहितो. तोवर ताई, दुधी चाखल्याशिवाय मिक्सरमध्ये घालू नका.

---

तिरफळ (म्हार्दोळ) · २२ सप्टेंबर, सकाळी ६:३०

बाय गो, तुझं वाचून सकाळचा चहा तसाच राहिला.

तू नुस्तं सोडलंस त्यानं काही बिघडलेलं नाही. तू तोणाक, म्हणजे आपली कडधान्यांची खोबऱ्याच्या वाटणातली आमटी, सोडलंस, त्यानं बिघडलं. तुझं जेवण परत वाच. त्यात अळसांदे (चवळी) कुठे आहेत? मूग कुठे आहेत? नारळ कुठे आहे? ताटातून इसवणीची (सुरमईची) तुकडी काढलीस आणि तिच्या जागी तवशाचं पाणी ठेवलंस. कुठल्याही माणसाला धाप लागेल.

आपल्याकडे शिवराक जेवण बाहेरून शिकून यावं लागत नाही. आमच्या आज्यांनी सोमवारचं आणि श्रावणाचं जेवण इतकं भरगच्च करून ठेवलंय की महिनाभर पदार्थ परत करावा लागत नाही. अळसांद्यांचं तोणाक, वाटाण्याचं तोणाक, चण्याचा रोस, मुगागाठी, खतखतं, अंबाड्यांची उडदामेथी, आंब्याचं सासव, अळूचं फदफदं, तायकिळ्याची भाजी, फागलांची भाजी. पावसात अळमी मिळाली तर तो दिवस सणाचा. फक्त हे सगळं आपण वाराच्या दिवशीचं जेवण समजतो, आणि इतर दिवशी शिवराक म्हटलं की वरण-भातावर भागवतो. सोमवारचं जेवण रोज कर, तुझं निम्मं काम झालं.

मुगागाठी सांगते, तुला आत्ता त्याचीच गरज आहे. मूग रात्री भिजत घाल, सकाळी उपसून फडक्यात घट्ट बांध. दुसऱ्या दिवशी चांगले बोटभर मोड आले की कोमट पाण्यात घालून हातावर हलके चोळ. सालं वर तरंगतात, ती ओतून टाक. परत पाणी, परत चोळ. तीन-चार पाण्यांत मूग पिवळेधम्मक दिसायला लागतात. हे काम टीव्हीसमोर बसून होतं, कंटाळू नकोस. शिजताना मोडता कामा नयेत, म्हणून कुकर नको. खोबरं, सुकी मिरची, हळद, थोडे धणे वाटून घाल, शेवटी गूळ आणि आमसूल. वर मोहरी-कढीपत्त्याची फोडणी.

खतखतं म्हणजे तुरीच्या डाळीतली मिसळभाजी, त्यात मी किमान पाच भाज्या घालते. आत्ता नीरफणस (ब्रेडफ्रूट), लाल भोपळा, मुळा, कच्ची केळी, शेवग्याच्या शेंगा, कणसाचे तुकडे, माटाचे देठ आणि अंबाडे असं सगळं मिळतंय. तुरीची डाळ मात्र हात राखून घालू नकोस. तिरफळं बिया काढून पाण्यात चेचायची आणि ते पाणी उतरवायच्या जरा आधी घालायचं. मिक्सरला लावलीस तर कडवट होतात. वरून चमचाभर कच्चं खोबरेल.

ज्यूस पी, पण जेवणाची जागा त्याला देऊ नकोस.

---

घाटावरची_सून (डिचोली) · २२ सप्टेंबर, सकाळी १०:०५

तिरफळकाकू, साष्टांग नमस्कार. मी सोलापूरकडची, शाकाहारी घरातली. लग्न होऊन इथे आले तेव्हा सकाळपासून रात्रीपर्यंत मासळीचा वास, मी भांबावून गेले होते. सासूबाईंनी पहिल्याच सोमवारी खतखतं केलं, आणि मी ते तीन वेळा वाढून घेतलं. सोलापुरात मला कुणी सांगितलं असतं की गोव्यात असं जेवण मिळतं, तर मी विश्वास ठेवला नसता.

पारिजातकताई, माहेरच्या दोन सवयी सांगते, उपयोगी पडतील. जवसाची चटणी रोज एक-दीड चमचा. जवस कोरडे भाजून, लसूण, तिखट, मीठ घालून जाडसर कुटायचे. आणि दुपारच्या जेवणात वाटीभर घट्ट दही, नुसतं पातळ ताक नव्हे. ज्वारीची भाकरी जमली तर उत्तम, नाहीतर नाचणीची. नाचणी तर तुमच्याकडे सत्त्व करून लहान मुलांना देतातच.

---

आहारवाट (मडगाव) · २२ सप्टेंबर, दुपारी १:२०

मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. इथून तपासणी होत नसते, म्हणून पहिली विनंती: हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२, ड जीवनसत्त्व आणि थायरॉइड, एवढ्या चाचण्या डॉक्टरांच्या सल्ल्यानं करून घ्या. धाप लागणं अंगावर काढू नका.

आता तुमच्या ताटाबद्दल. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं रोज लागतात. तुमचं वजन ५८ किलो धरलं तर ४८ ग्रॅम. कडधान्यांतली प्रथिनं थोडी कमी पचतात, म्हणून ५५ कडे बघा. तुम्ही लिहिलेल्या जेवणाचा मी हिशेब केला. दोन्ही ज्यूस मिळून तीन-चार ग्रॅम, दुपारचा भात आणि पातळ वरण मिळून दहा-बारा, चहातलं दूध धरून आणखी थोडे. वीस-बावीसच्या वर जात नाही. १०० ग्रॅम बांगड्यातून तुम्हाला १९-२० ग्रॅम मिळत होते, ते गेले आणि त्यांच्या जागी काही आलं नाही. १०० ग्रॅम कोरड्या अळसांद्यांत किंवा मुगात सुमारे २४ ग्रॅम प्रथिनं असतात. म्हणजे मूठभर, ३० ग्रॅम कोरडे अळसांदे भिजवून केलेल्या वाटीभर तोणाकात सात ग्रॅम. अशा दोन वाट्या, दही, थोडं पनीर किंवा दूध, मूठभर शेंगदाणे आणि धान्यातलं मिळून आकडा गाठता येतो. काकूंनी जे सांगितलं तेच मी आकड्यांत सांगतेय.

केसांचं म्हणाल तर, अचानक वजन उतरलं किंवा जेवण एकदम तुटलं की केस दोन-तीन महिन्यांनी गळायला लागतात. तुमचा जून आणि ऑगस्ट तंतोतंत जुळतो. जेवण सुधारलं की हे थांबतं, पण त्यालाही काही महिने लागतात. धीर सोडू नका.

लोह: शाकाहारातलं लोह शरीर कमी शोषून घेतं. त्यासोबत क जीवनसत्त्व असेल तर जास्त घेतं. म्हणून तोणाकावर लिंबू पिळा, जेवणानंतर पेरूची फोड खा. आणि चहा-कॉफी जेवणापासून तासभर लांब ठेवा. हे एवढंसं वाटतं, पण गोव्यात जेवून उठल्या-उठल्या चहा घेणारी घरं मला रोज भेटतात.

बी-१२ कुठल्याच भाजीत, फळात, कडधान्यात मिळत नाही. दूध-दह्यातून थोडं मिळतं. दूधही सोडणार असाल तर गोळी घ्यावीच लागेल, यात तडजोड नाही. मात्र यकृतात याचा साठा असतो आणि तो संपायला वर्षं लागतात. त्यामुळे तीन महिन्यांच्या शाकाहारानं बी-१२ संपलं असं होत नाही. ते कमी निघालं तर आधीपासूनच कमी होतं असं समजा, आणि सासूबाईंनाही तसं सांगा.

ज्यूसबद्दल एकच. गाळलात की चोथा जातो आणि चोथ्याबरोबर फळाचा अर्धा गुण जातो. ग्लासभर मोसंबीच्या रसाला तीन-तीन मोसंबी लागतात. एरवी तीन मोसंबी आपण एका बैठकीत सोलून खात नाही. साखर मात्र तिन्हींची, आणि ती फार लवकर रक्तात जाते. दीडशे मिलिलिटरचा लहान पेला, न गाळता, जेवणासोबत किंवा चार वाजता. रोजचा नाश्ता म्हणून नको.

---

मांडवीकाठ (पणजी) · २२ सप्टेंबर, रात्री १०:३०

काल म्हटलं होतं ते लिहितो. हे लिहिताना अजूनही हाताला घाम येतोय.

मार्चमधली गोष्ट. माझे बाबा आले होते माझ्याकडे. त्यांना साखर आहे, कुणीतरी सांगितलं म्हणून रोज सकाळी कोऱ्या पोटी दुधीचा ज्यूस घ्यायचे. त्या दिवशी मीच काढून दिला. दुधी बाहेरून छान, कोवळा, नखानं साल निघेल असा. त्यांनी एक घोट घेतला आणि म्हणाले, "आज कडू आहे रे." मी म्हटलं, औषध कडूच असतं, प्या. त्यांनी अर्ध्याहून जास्त प्यायला. वीस मिनिटांत पोटात कळ, मग उलट्या, थांबेचनात. शेवटच्या उलटीत रक्त दिसलं. रुग्णालयात नेलं, दोन दिवस सलाइनवर होते. रक्तदाब एकदम खाली गेला होता. तिथल्या तरुण डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "ज्यूस कडू होता का?"

बाबा बरे झाले. पण "प्या" म्हणणारा मी होतो, हे मला विसरता येत नाही. म्हणून जिथे ज्यूसचा विषय निघतो तिथे मी हे लिहितो.

---

आहारवाट (मडगाव) · २२ सप्टेंबर, रात्री ११:१०

मांडवीकाठ, तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. तुम्हाला माहीत नव्हतं, मनाला लावून घेऊ नका.

बाकीच्यांसाठी: दुधी, तवसं, पडवळ, दोडका, भोपळा या एकाच कुळातल्या वेली. यांच्यात कुकुर्बिटासिन नावाचं कडू द्रव्य असतं. एरवी ते नगण्य असतं, पण एखाद्या फळात खूप वाढतं आणि तो दुधी बाहेरून इतर दुधींसारखाच दिसतो. ओळखायची खूण एकच, चव. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं यावर समिती नेमली होती, कारण कडू दुधीच्या रसानं आपल्या देशात मृत्यू झाले आहेत. सांगणं सोपं आहे. रस काढण्यापूर्वी दुधीचा छोटा तुकडा जिभेवर ठेवायचा, कडू लागला तर थुंकून अख्खा दुधी फेकून द्यायचा. दुधीच्या रसात दुसरा कुठला रस मिसळायचा नाही, कारण सफरचंदाच्या गोडीत कडूपणा कळत नाही. आणि पिऊन उलट्या झाल्या तर घरगुती उपाय करत बसायचं नाही, सरळ रुग्णालय.

पारिजातकताई, तुम्ही दुधी आणि सफरचंद एकत्र करता असं लिहिलंय. ते आजपासून बंद.

आपल्या परसातल्या आणखी दोन फळांबद्दल बोलते. बिंबलं, म्हणजे बिलिंबी. लोणच्याला, आमटीत दोन-चार घालायला काही हरकत नाही. पण कोलेस्टेरॉल उतरतं म्हणून बिंबलांचा रस पेलाभर पिणाऱ्यांची मूत्रपिंडं अचानक बंद पडल्याच्या नोंदी केरळमधल्या डॉक्टरांनी २०१३ साली प्रसिद्ध केल्या आहेत. त्यात ऑक्झलेट, म्हणजे मूत्रपिंडात खडे करणारं द्रव्य, प्रचंड असतं. करमलांचंही (स्टारफ्रूटचंही) तसंच. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी तर करमल तोंडातही घालू नये, त्यातलं द्रव्य मेंदूवर परिणाम करतं. रोज कच्च्या पालकाचा रस पिण्याच्या मी विरोधात आहे तीही ऑक्झलेटमुळे. शिवाय पावसाळ्यात पालेभाज्या कच्च्या पोटात जाणं मला बरं वाटत नाही. पालक शिजवून खा.

---

दर्याकाठ (काणकोण) · २३ सप्टेंबर, सकाळी ७:४०

मी नुस्तं खातो आणि खात राहणार. माझी आई चाळीस वर्षं डोक्यावर पाटी घेऊन नुस्तं विकत होती, त्याच पैशांवर मी शिकलो. तरीही या धाग्यावर लिहावंसं वाटलं, कारण पारिजातकताईंनी कुणाला नावं ठेवली नाहीत. २०१८ मध्ये, नुस्तं टिकवायला फॉर्मेलिन हे रसायन वापरतात असं प्रकरण झालं तेव्हा कितीतरी लोक आमच्या बाजारात येऊन "तुमचं नुस्तं विष" असं तोंडावर बोलून गेले. त्या बायकांनी त्या दिवसांत काय सोसलं ते मी बघितलंय. "नको वाटलं" एवढं म्हणून स्वतःच्या ताटापुरतं कुणी थांबत असेल तर माझा त्यांना मनापासून पाठिंबा आहे.

ताई, घरात सगळे तळलेलं नुस्तं खात असताना तुम्हाला एकटं पडल्यासारखं वाटत असणार. आमच्या घरी वहिनी शिवराक आहेत. आई तिच्यासाठी नीरफणसाचे काप करते, आणि आमच्या नुस्त्याला लावते तोच मसाला लावते. नीरफणस सोलून, मधला गाभा काढून, करंगळीच्या अर्ध्या जाडीचे काप. त्यांना हळद, तिखट, मीठ, थोडं आमसुलाचं आगळ लावून अर्धा तास ठेवायचे. मग रव्यात दोन्ही बाजू दाबायच्या आणि लोखंडी तव्यावर खोबरेलात मंद आचेवर सोडायचे. कडा तपकिरी झाल्या, रवा तव्यावरून आपसूक सुटायला लागला की उलटायचे, त्याआधी हात लावायचा नाही. आईचं म्हणणं असं की घाई केली की रवा तव्याला राहतो आणि फणस हाताला. सुरणाचे, वांग्याचे, कच्च्या केळ्याचेही तसेच. आगशीची वांगी मिळाली तर त्यांचेच करा, मोठी आणि मांसल असतात. मसाल्याला खोलाची मिरची. आमच्याकडची आहे म्हणून सांगत नाही, तिचा रंगच वेगळा.

पहिली फेरी वहिनींच्या कापांची, मग त्याच तव्यावर आमचं नुस्तं. हा क्रम आईनं स्वतःहून पाळला, कुणी सांगितलं नव्हतं.

---

पारिजातक (फोंडा) · २३ सप्टेंबर, रात्री ८:५०

काय लिहू. सकाळपासून चार वेळा धागा उघडून वाचला.

दर्याकाठ दादा, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. तो तव्याचा क्रम वाचून मी ओट्याशी उभी राहून रडले. मांडवीकाठ, माझ्या फ्रिजमध्ये दोन दुधी होते. आज दोन्हींचा तुकडा चाखला, कडू नव्हते, त्यांची चण्याची डाळ घालून भाजी केली. आहारवाट ताई, उद्या सकाळी रक्त द्यायला जातेय.

काकू, अळसांदे भिजत घातलेत. सासूबाईंनी विचारलं, "आज कुठला वार?" मी म्हटलं, मंगळवार. काही बोलल्या नाहीत, पण खोबरं खवायला विळी पुढ्यात ओढून बसल्या.

एकच विचारते. ज्यूस करायला मला खरंच आवडतं हो. सकाळी शांत घरात फळं चिरायची, रंग बघायचे. ते अगदी बंद करायचं का?

---

कुळागर (वाळपई) · २३ सप्टेंबर, रात्री १०:१५

बंद कशाला? फक्त सफरचंदाच्या मागे जाऊ नका. सत्तरीतलं आमचं कुळागर (सुपारी-नारळाची बाग) आहे, रस करायचा तर आपल्याकडे वर्षाचं चक्र आहे, ते धरून चला.

आत्ता चिबूड (खरबुजासारखं फळ). माटोळीला (गणपतीवर टांगतात त्या फळांच्या चौकटीला) बांधलेले चिबूड उतरवून झाले असतील, ते फुटायच्या आत वापरा. गर चमच्यानं काढायचा, हातानंच कुस्करायचा, नारळाचा जाड रस आणि गूळ, चिमूटभर वेलची. त्यात पातळ पोहे भिजवले की तो नाश्ताच होतो, गाळायचा प्रश्नच येत नाही. तवशांचेही हे शेवटचे दिवस. पेरू आणि पपई पुढे येतीलच. हिवाळ्यात आवळा, उसाचा रस. उन्हाळ्यात कलिंगड, अननस, मानकुराद. मानकुरादाचा रस काढून पाणी घालणाऱ्याला माझ्या आजीनं घराबाहेर काढलं असतं. तो आंबा चोखून खायचा.

मार्च ते मे काजूचा मोसम. तुम्ही फोंड्याच्या, निरो प्यायला असालच. बोंडू (काजूची फळं) तुडवून झाले की राहिलेला चोथा बांधून त्यावर दगड ठेवतात आणि रात्रभर जो थेंबथेंब झिरपतो तो निरो. सकाळी लवकर प्यायचा, लिंबू आणि मीठ घालून. दुपारपर्यंत तो आंबायला लागतो आणि मग तो निरो राहत नाही. घरी बोंडूंचा रस काढणार असाल तर बी पिळून वेगळी करताना टरफलातलं तेल हाता-ओठांना लागू देऊ नका, कातडी भाजते. रस तुरट असतो, घसा धरतो. त्यात भाताच्या पेजेचं वरचं पाणी घालून तास-दोन तास ठेवा. तुरटपणा खाली गाळ होऊन बसतो, वरचा स्वच्छ रस अलगद ओतून घ्या.

आणि भिंडां, म्हणजे कोकमाची फळं. हे मी जरा सविस्तर सांगतो, कारण बाजारातल्या बाटलीतलं लाल पाणी म्हणजे कोकम असं आता मुलांना वाटायला लागलंय. एप्रिल-मेमध्ये झाडाखाली पडलेली भिंडां सकाळीच गोळा करायची, पहिला पाऊस पडला की ती पाणचट होतात. धुऊन, पुसून, बोटांनीच दाबून दोन भाग करायचे. आतल्या बिया पांढऱ्या गरासकट वेगळ्या काढायच्या. सालींच्या वाट्या काचेच्या बरणीत, एक थर सालींचा, एक थर साखरेचा, साखर सालींच्या दीडपट-दुप्पट. तोंडाला फडकं बांधून आठवडाभर उन्हात. दुसऱ्याच दिवशी बरणीच्या तळाशी जांभळट लाल पाझर दिसतो, चौथ्या दिवशी साली त्यात बुडालेल्या असतात. रोज एकदा बरणी हलवायची, चमचा ओला नको. आमच्या घरी ती बरणी सोप्यावर ठेवतात आणि येणारा-जाणारा प्रत्येक माणूस ती उचलून उजेडात बघतो.

साखर नको असेल तर आगळ करा. सालींना मीठ, सुटेल तो रस बाटलीत. वर्षभर टिकतो. आज तुम्हाला हवं तेव्हा तिवळ: दोन चमचे आगळ, ग्लासभर पाणी, जिरं भरडून, हिंग चिमूटभर, कोथिंबीर, हिरवी मिरची ठेचून. मीठ चाखूनच घाला, आगळ मुळात खारट. तुम्हाला रंग बघायला आवडतो म्हणता, मग काचेच्या ग्लासात नारळाचं दूध ओतून त्यात वरून आगळ सोडून बघा.

---

घाटावरची_सून (डिचोली) · २४ सप्टेंबर, सकाळी ९:३०

गाजर-बीटाचा रस काढलाच तर चोथा टाकू नका. बेसन, तांदळाचं पीठ, ओवा, तिखट घालून धिरडी करा. मुलं भाजी म्हणून खात नाहीत, धिरडं म्हणून खातात.

महागडा हळू फिरणारा ज्यूसर घ्यावा का असं मला दोघींनी विचारलं होतं. माझ्याकडे आहे. रस छान निघतो, फेस येत नाही, पण चोथा तोही बाहेरच टाकतो. गेलं वर्षभर तो माळ्यावर आहे. साध्या मिक्सरात पपई, पेरू, चिबूड फिरवून न गाळता पितो आम्ही.

---

मांडवीकाठ (पणजी) · २४ सप्टेंबर, रात्री ९:००

एकट्यानं राहणाऱ्यांसाठी: रविवारी अर्धा किलो अळसांदे भिजवून, शिजवून चार डब्यांत फ्रीजरमध्ये. तोणाकाचं वाटणही तसंच, भाजलेलं खोबरं, कांदा, धणे, मिरी, लवंग, दालचिनी, सुकी मिरची. संध्याकाळी आल्यावर वीस मिनिटांत तोणाक होतं, खाली बेकरीवाल्या पोदेराचे पाव. आज बाबांना फोनवर सांगितलं. म्हणाले, पुढच्या वेळी येईन तेव्हा तेच दे.

---

पारिजातक (फोंडा) · १४ ऑक्टोबर, रात्री ९:२०

मंडळी, उशीर झाला, माफ करा.

रक्ताचे निकाल आले. हिमोग्लोबिन १०.२, फेरिटिन कमी, बी-१२ बरंच कमी, थायरॉइड ठीक. डॉक्टरबाईंनी नेमकं आहारवाट ताईंसारखंच सांगितलं, की बी-१२ एवढं खाली तीन महिन्यांत येत नाही, तुम्ही मासे खात होता तेव्हापासूनच घसरत आलंय. सासूबाई सोबत होत्या. त्यांनी तिथेच विचारलं, "म्हणजे शिवराक राहिली म्हणून नव्हे?" डॉक्टरबाई म्हणाल्या, नव्हे, पोटभर जेवत नव्हती म्हणून. लोहाच्या आणि बी-१२ च्या गोळ्या सुरू केल्यात.

सकाळी आता उकड्या तांदळाची पेज, सोबत आदल्या रात्रीचं तोणाक किंवा मुगागाठी. आठवड्यात दोनदा चण्याचा रोस. दही रोज. चार वाजता लहान पेलाभर काहीतरी. काल पेरू आणि आल्याचा रस केला, बिया राहिल्या म्हणून तेवढा गाळावा लागला. आगळ वाळपईकडच्या एका ओळखीच्यांकडून मागवलं. ते नारळाच्या दुधात सोडून बघितलं, कुळागर दादा. धाकटीनं फोटो काढला.

धाप कमी आहे. जिना दोनदा चढला तरी थांबावं लागत नाही. केस अजून गळताहेत, पण ताईंनी सांगितल्यामुळे घाबरत नाही. वजन एक किलो परत आलं.

सोमवारी खतखतं केलं, आठ भाज्यांचं. मंगळवारी ह्यांनी बांगडे आणले तेव्हा सासूबाईंनी आधी तव्यावर माझे सुरणाचे काप टाकले.

काकू, बाजारात ओल्या तिरफळांचे झुपके आलेत, मी दोन घेऊन ठेवले. वर्षभर राहावीत म्हणून काय करू? हिरवीच बरणीत घालू की वाळवू?

---

तिरफळ (म्हार्दोळ) · १४ ऑक्टोबर, रात्री ९:५५

वाळव. देठापासून सोडवून सुपात पसर, ऊन असेल तेव्हा बाहेर, सांजेला आत. तीन-चार दिवसांत आपोआप तोंड उघडतं आणि आतली काळी बी दिसते. ती सगळी काढून टाक, वास सालीत असतो. साली अगदी कडक झाल्या की काचेच्या बरणीत, झाकण घट्ट. थोडी ओलीच बाजूला ठेव, या आठवड्यातल्या तोणाकाला ती वापर. आणि केसांचं काय ते महिनाभरानं मला इथेच कळव.